इकडील सर्व क्षेम

(रंगमंचावर टेबल, खुर्ची. टेबलावर कागद, पेन, लाल पेन आणि मोबाइल. पन्नाशीचा गृहस्थ येतो. मोबाइलकडे बघतो. दोन पावलं पुढे येतो, पुन्हा वळून बघतो.)

नाही, कुणाचा फोन यायचा नाहीये. सवय.

आमची चिऊ आर्मीत गेली. न्यूझीलंडच्या. आम्ही ऑकलंडला असतो. पोरीला लहानपणापासून एकच सांगत आलो: सीए हो, इंजिनिअर हो, गेला बाजार डेंटिस्ट हो. एक दिवस वरणभात कालवता कालवता म्हणाली, "बाबा, मी सैनिक होणार." मी म्हटलं, "लोणचं वाढ."

काय करणार? आमच्या घराण्यात धक्का बसला की पुरुष लोणचं मागतात. वडील वारले तेव्हा काकांनी मागितलं होतं.

ट्रेनिंग कुठे? वायूरूला. साताऱ्याला आईला फोन केला.

(आईच्या आवाजात, ओरडून) "काय? वायू उरू? आरं, म्हंजी खायला काय न्हाई, निस्ता वायूच उरला की!"

आई न बघता बोलली, पण खरं बोलली. ऑकलंडहून गाडीनं दक्षिणेला पाच तास. शेवटच्या टप्प्याचं नावच डेझर्ट रोड, आणि या वाळवंटात बर्फ पडला की रस्ता बंद! शेजारी रुआपेहू पर्वत. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. हा २,७९७ आणि वर जिवंत ज्वालामुखी. १९९५ला फुटला. हौस फिटली नाही म्हणून १९९६ला पुन्हा.

हे सगळं आमच्या हिनं रात्री दोन वाजता वाचून काढलं. (बायकोच्या आवाजात) "अहो, तिथं सैन्याचं संग्रहालय आहे ना, त्यातून २००७ साली ९६ पदकं चोरीला गेली होती."

"अगं, परत मिळाली! पुढच्या फेब्रुवारीत."

"पदकं मिळाली हो. पण ज्यांना कुलपातली पदकं सांभाळता आली नाहीत, ते माझी पोरगी सांभाळणार?"

(विचार करतो) रात्री दोन वाजता लोणचं.

आणखी एक. इथल्या आर्मीचं माओरी नाव आहे न्गाती तूमाताऊएंगा, म्हणजे युद्धदेव तूमाताऊएंगाची जमात. आईला कसं समजवायचं?

"म्हंजी कुलदैवत बदललं पोरीचं?"

"नाही गं. खंडोबाचा लांबचा भाऊ समज."

"मंग भंडारा धाडते."

"आई, नको! न्यूझीलंडच्या विमानतळावर एक सफरचंद सापडलं तरी दंड करतात. तू किलोभर पिवळी पूड धाडणार. नात सैन्यात आणि मुलगा तुरुंगात!"

चिऊला बसमध्ये बसवून घरी आलो. फोन पहिल्या दिवसांत जवळजवळ नाहीच, पुढे ठरलेल्या वेळी. घर कसं असतं अशा वेळी? (हलकेच) फार नीटनेटकं असतं. टॉवेल जागच्या जागी. हिचा हात मात्र तिघांच्या मापानंच तांदूळ घ्यायचा. रोज एका माणसाचा भात उरायचा. त्यामुळे रोज सकाळी फोडणीचा भात. वायूरूला पोरगी वाळत होती आणि ऑकलंडला तिच्या वाटणीचा भात खाऊन मी फुगत होतो.

ही पाचला उठायला लागली. का? "ती उठली असेल." आणि उठून काय? दोघं समोरासमोर बसायचो. फोडणीचा भात.

शेवटी आईला म्हटलं, करमत नाही. आई हसली. तिचं माहेर अपशिंगे मिलिटरी. गावाच्या नावातच मिलिटरी! पहिल्या महायुद्धात त्या एका गावातली ४६ माणसं कामी आली. आई म्हणते, "आमच्याकडं पोरगं सैन्यात गेलं, ही काय बातमी न्हवं. न्हाई गेलं, तर मान्सं इचारायला यायची, तब्येत बरी हाय न्हवं?"

मी म्हटलं, "आई, ते आपलं सैन्य. हे परकं."

आणि मग मी मोठ्या ऐटीत तिला वाचून दाखवलं. ९ एप्रिल १९४५. इटली, सेनियो नदी. जर्मनांवर हल्ला. एका बाजूला न्यूझीलंडची डिव्हिजन, शेजारी आठवी इंडियन डिव्हिजन, आणि तिच्यात आपले मराठे. त्याच दिवशी नामदेव जाधवांनी जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून, सुरुंगांतून उचलून आणलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

(आई) "म्हंजी शेजारीच की रं आपलं! शेजाऱ्याकडं पोरगी ठिवलीया, आन् रडतुयास कशापायी? पत्र लिव्ह. माझा बाप बेळगावला मराठा पलटणीत भरती झाला, तवा आज्जा मास्तराकडनं लिवून घ्यायचा. 'इकडील सर्व क्षेम.' घरची म्हस मेली, तरी क्षेम. तिकडनं त्याचं बी तेच. पायाची सालटी निघाली, तरी क्षेम."

"म्हणजे दोघंही खोटं?"

"खोटं कशानं? कागूद आला, म्हंजी लिवणारा जित्ता हाय. बाकीचं घरी आल्याव बोलायचं."

(टेबलाशी बसतो. पेन उघडतो.)

"चि. चिऊस अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम." (थांबतो. पेन चावतो.) पुढे? मी तिच्याशी अठरा वर्षांत तीन वाक्यं बोललोय. जेवलीस का, चार्जर कुठंय, आणि दिवे बंद कर. आता जेवायला तिकडे शिस्तीत घालतात, चार्जरला काम नाही आणि दिवे सार्जंट बंद करतो. सगळं आर्मीनं काढून घेतलं!

तिचं पत्र यायचं. मराठीत बरं का! इथल्या रविवारच्या मराठी वर्गात शिकली. 'ह'पर्यंत व्यवस्थित. पुढे गणपतीच्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या आणि वर्ग जो थांबला तो थांबलाच. पत्रात लिहायची, "मी ठिक आहे. जेवन छान आहे." (लाल पेन उचलतो.) 'ठि' दीर्घ! जेव'ण', बाणातला ण! मी दुरुस्त करायचो. ही ओरडायची, "अहो, पत्र आहे ते, पेपर नाही!" पण दुरुस्त करायला म्हणून मी ते दहादा वाचायचो. कुणाला सांगू नका.

मीही दर आठवड्याला पत्र टाकायचो. गाडीची बॅटरी गेली. इकडील सर्व क्षेम. बीपीची गोळी सुरू झाली. इकडील सर्व क्षेम. ही चिऊचं पांघरूण धुवायला काढून न धुताच परत घडी करून ठेवते. इकडील सर्व क्षेम.

(उठतो.)

मग परेडचा दिवस. तीन तास आधी पोचलो. संग्रहालयात गेलो. ही आधी कुलपं तपासून आली. तिथं यांची ती सुप्रसिद्ध टोपी पाहिली. तिला म्हणतात लेमन स्क्वीझर. लिंबू पिळायचं भांडं! वर टोक, चार बाजूंनी दाबलेली. मालोन नावाच्या अधिकाऱ्यानं तारानाकी पर्वतासारखी घडवली, पावसाचं पाणी निथळावं म्हणून. तो स्वतः १९१५ साली गॅलिपोलीला पडला. टोपी राहिली.

परेड सुरू झाली. सगळी पोरं एका साच्यातली. हिनं चार मुलींना ओवाळल्यासारखे हात केले. चारही परक्या! पाचवी आमची. मान ताठ. घरी सोफ्यावर सांडलेली असायची ती हीच? मग हाका, म्हणजे माओरी युद्धनृत्य झालं. पायाखालची जमीन दणाणली. (छातीवर हात मारतो, खोकतो.) मला नाही जमत.

सुटल्यावर आली. लंगडत. ही म्हणाली, "पायाला काय झालं?" "काही नाही गं." मी म्हटलं, क्षेम! माझ्या आजोबांची पणती शोभते.

मग हळूच म्हणाली, "बाबा, दुसऱ्या आठवड्यात मी बॅग भरली होती. सोडून येणार होते. मग तुझं पत्र आलं. तू घरी कधी असं बोलला नाहीस. आणि पत्रात मात्र दर वेळी, पहिल्याच ओळीत..."

"काय?"

तिनं खिशातनं कागद काढला. बोट ठेवून वाचायला लागली. "इ-क-डी-ल... सर्व..." (थांबतो) "...प्रेम."

(मोठा विराम.)

'क्ष'! वर्ग 'ह'लाच थांबला होता!

हिनं माझ्याकडे बघितलं. तिला माहीत होतं, माझ्या खिशात लाल पेन आहे. (खिशावर हात. पेन अर्धं बाहेर काढतो. परत आत ढकलतो.)

मी म्हटलं, "बरोबर वाचलंस."

आणि हिच्याकडे वळून म्हणालो, "लोणचं आणलंयस का गं?"

(अंधार.)