नट आर्वीला येतो तेव्हा

नट आर्वीला येतो तेव्हा उशिराच येतो. यात त्याचा दोष नाही. सकाळच्या विमानाने तो नागपूरला अगदी वेळेवर उतरतो. पण तिथून कोंढाळी, कारंजा, तळेगाव करत आर्वी गाठायची तर वाटेत निदान दोन ठिकाणी 'जरासा चहा' होतो, आणि विदर्भात जरासा चहा म्हणजे चहाच्या आधी तर्रीपोहे आणि चहाच्या नंतर 'आता जेवूनच जा नं'. पुलगाव-आर्वी छोटी गाडी बंद पडून जमाना लोटला, नाहीतर या उशिराचं खापर तिच्यावर फोडता आलं असतं.

उद्घाटनाच्या पत्रिकेवर वेळ अकराची असते. आर्वीकर तिचा बरोबर अर्थ लावतात आणि जेवणं उरकून निघतात. अकराला हजर असतो तो एकटा सूत्रसंचालक. हा बहुधा कुठल्यातरी शाळेतला मराठीचा मास्तर असतो आणि 'अवघ्या काही क्षणांत' एवढ्या तीन शब्दांवर तो दोन तास काढू शकतो. त्या दोन तासांत दुकानमालकाचे आजोबा सायकलवर कापड विकायचे तिथपासूनचा इतिहास येतो, एम.एच. 32 ची कुठलीशी दुचाकी वाटेतून काढायची विनंती येते, हरवलेलं पोट्टं येतं, त्याची मायही येते. नट तेवढा येत नाही.

असंच एकदा साड्यांच्या दुकानाचं उद्घाटन होतं आणि येणार होती एका मालिकेतली सोशिक सून. तिचं खरं नाव फ्लेक्सवर भल्या मोठ्या अक्षरांत होतं, पण ते बहुधा फ्लेक्स छापणाऱ्यापुरतंच होतं. गर्दी तिला मालिकेतल्या नावानेच हाका मारत होती. आल्यावर असं दिसलं की साडीच्या दुकानाची फीत कापायला बाई स्वतः पायघोळ गाऊन घालून आल्या आहेत. बायकांत थोडी कुजबुज झाली. मग एकीने 'बिचारीले सासू नेसूच देत नसन' असा निकाल दिला आणि सगळ्यांचं समाधान झालं.

फीत कापून झाली. कात्री पहिल्या झटक्यात चालली नाही, ती कधीच चालत नाही. दुसऱ्या वेळी मालकांनी फीत दोन्हीकडून ताणून धरली तेव्हा तुटली. मग सेल्फी सुरू झाल्या. काळ्या टी-शर्टातले बाऊन्सर नागपूरहून आणले होते. त्यांनी हात पसरून बायकांची रांग अडवली. आमच्या शेजारच्या काकू त्यातल्या सगळ्यात दांडग्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. 'बाजूले हो बाबू,' एवढंच म्हणाल्या. तो झाला बाजूला. दंड कितीही फुगवले तरी तो शेवटी कोणाच्या तरी आळीतलं लेकरूच होता.

काकूंच्या हातात मोबाइल नव्हता. पिशवीत ब्लाउजपीस, नारळ, तांदूळ, हळदकुंकू आणि एकशे एक रुपये होते. सून पहिल्यांदा गावात आली आहे, रिकाम्या हाती कशी पाठवायची? अडचण एकच आली. ओटी घ्यायला पदर लागतो, आणि गाऊनला पदर नसतो. क्षणभर सगळं दुकान थांबलं. साड्यांनी भिंती भरल्या होत्या, तरी पदर म्हणून नवीकोरी साडी खांद्यावर टाकावी असं मालकांना सुचलं नाही. किंवा सुचलं असेल आणि त्यांनी किंमत आठवली असेल. अखेर दुकानाचं नाव छापलेली एक कॅरीबॅग पुढे आली. बाईंनी ती दोन्ही हातांनी उघडून धरली आणि काकूंनी तिच्यात यथासांग ओटी भरली. मग तिच्या कानाशी लागून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, म्हणाल्या, 'पोरी, माह्यं ऐक. वेगळी राहा. लय झालं आता.'

बाई कसलेल्या निघाल्या. डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, 'यांच्याशी बोलते आज.'

काकू घरी आल्या त्या कृतार्थ होऊन. पुढचे काही आठवडे त्यांनी ती मालिका सोडली नाही, आणि बाईंनी नवऱ्याकडे विषय काढलेला नाही हे दिसल्यावर 'मले तोंडावर हो म्हणाली होती' असं मला दोनदा ऐकवलं.

माझी भाची पुण्यात असते. तिला हा प्रकार सांगितला तर ती म्हणाली, 'मामा, तुमच्याकडे उलटंच चालतं.' तिचं म्हणणं असं, की बाहेरच्या जगात चाहत्यांचे मेळावे भरतात आणि तिथे पैसे चाहता देतो. ते आम्हीही दिलेच की, एकशे एक, शिवाय नारळ. पण तिथे दरपत्रक असतं. सहीचा भाव वेगळा, शेजारी उभं राहून काढलेल्या फोटोचा वेगळा, आणि भाव नटाच्या उंचीप्रमाणे वरखाली. याची सुरुवात बरीच जुनी आहे. 1972 च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात 'स्टार ट्रेक' या अंतराळातल्या मालिकेच्या चाहत्यांनी असा मेळावा भरवला. मालिका बंद पडून अडीच वर्षं झाली होती. काहीशे लोक येतील असा अंदाज होता, आले हजारोंनी. मालिका संपल्यावरही माणसं तिच्यासाठी गाडीभाडं खर्चून येतात हे धंदेवाल्यांना एकदा कळलं आणि मग त्याचा मोठा उद्योगच झाला. भारतात कॉमिक कॉन 2011 मध्ये दिल्लीत भरलं, मग मुंबईलाही भरू लागलं. भाची तिथे आवडत्या पात्राचा वेश करून, तोंडाला निळा रंग फासून जाते. तिच्या आईला हे बिलकूल पसंत नाही. मला त्यात नवल वाटत नाही. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लाकडी नंदी घेऊन पोट्टे वेश करून निघतात: शिवाजी महाराज, गाडगेबाबा, भारतमाता, आणि अलीकडे हमखास एखादा स्पायडरमॅन, नंदीची दोरी धरून. आमच्याच वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर माणसाच्या उंचीच्या वर जाणाऱ्या नंद्यांसाठी ओळखला जातो. भाचीला म्हटलं, तुझ्या त्या मेळाव्यात नंदी नसतो, एवढीच उणीव आहे.

पण काकूंचं ते वागणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्यांना काय ही बाई नटी आहे हे माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. नटी होती म्हणूनच तर दोन तास उन्हात उभ्या होत्या. तरी उपदेश सुनेला केला. महाराष्ट्रात हे पूर्वापार चालत आलं आहे. निळू फुले माणूस म्हणून इतके सज्जन, पण पडद्यावरचा त्यांचा पाटील बघून खेड्यापाड्यातल्या बाया त्यांना खरोखरच्या शिव्या देत. अरुण गोविलांच्या तर 'रामायण'नंतर लोक पाया पडत. आदेश बांदेकर 2004 पासून 'होम मिनिस्टर' घेऊन घरोघर गेले आणि अख्ख्या राज्याचे भावोजी झाले; ज्या घरात सख्ख्या भावोजींना चहा विचारत नाहीत तिथेही यांच्यासाठी शिरा.

देशात याचा पुढचा टप्पा म्हणजे निवडणूक. दरपत्रक नाही, रांग मात्र आहे, आणि सही चाहत्याने करायची असते. 1991 मध्ये सीतामाई, म्हणजे दीपिका चिखलिया, बडोद्यातून लोकसभेवर गेल्या आणि त्याच वर्षी अरविंद त्रिवेदी साबरकांठ्यातून. म्हणजे सीता आणि रावण एकाच पक्षाच्या बाकांवर. श्रीकृष्ण नितीश भारद्वाज 1996 मध्ये जमशेदपूरहून निवडून आले. प्रभू रामचंद्र स्वतः तेवढे थांबले, ते 2024 मध्ये मेरठहून गेले. चौदा वर्षांच्या वनवासापेक्षा हा बराच लांबला. मराठी माणूस मात्र अशा बाबतीत हिशेबी. भावोजी 2009 मध्ये माहीमला विधानसभेसाठी उभे राहिले आणि पडले. घरात घेणं वेगळं, मत देणं वेगळं. आमच्या वर्धा मतदारसंघाने तर देवही पाठवला नाही आणि भावोजीही नाही. आम्ही पैलवान पाठवला, रामदास तडस, 2014 ला आणि पुन्हा 2019 ला.

त्याच 2019 च्या फेब्रुवारीत नागपूरला रेशीमबागेत 99 वं नाट्यसंमेलन भरलं होतं. अध्यक्ष होते प्रेमानंद गज्वी, म्हणजे 'किरवंत' आणि 'घोटभर पाणी' लिहिणारे, आपल्या विदर्भातलेच. मी आणि आमचे साळेबुवा एसटीने गेलो. मला गज्वींचं भाषण ऐकायचं होतं. साळेबुवांना नट बघायचे होते, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. मंडपात शिरायच्या आधीच चहाच्या टपरीवर त्यांना एक चेहरा दिसला आणि त्यांचा हात माझ्या दंडात रुतला. चेहरा मीही ओळखला. दर दुसऱ्या मालिकेत असतो. नाव मात्र दोघांच्याही जिभेवर येईना. साळेबुवा अशाने थांबणारे नव्हेत.

'तुम्ही थे नाही का जी...'

'हो, तोच,' गृहस्थ सवयीने म्हणाले.

'नाही, थे हो. जे मरते.'

'मी बऱ्याच ठिकाणी मरतो.'

'पहिल्याच भागात मरते थे. पोरीच्या लग्नाच्या दिवशी.'

'छातीत कळ येऊन की अपघातात?'

'कळ येऊन.'

'मग मीच.'

साळेबुवांना गहिवरून आलं. त्या गृहस्थांनी स्वतः चहा मागवला, पैसेही स्वतःच दिले, आणि मालिकेत नायिकेचा बाप पहिल्या भागात का मरावा लागतो हे फार मुद्देसूद समजावून सांगितलं. बाप जिवंत राहिला तर तो मुलीला सासरहून घेऊन येईल आणि गोष्ट तिथेच आटोपेल. शिवाय भिंतीवरच्या फोटोला रोजंदारी द्यावी लागत नाही. 'पण फोटोला हार घातला की मला घरी ताप आल्यासारखं होतं हो,' ते म्हणाले. मराठी मालिकांवर इतकी नेमकी टीका मी त्या संमेलनात दुसरी ऐकली नाही. साळेबुवांनी त्यांच्याबरोबरचा फोटो 'माझे आवडते कलाकार' असं लिहून घरच्या ग्रुपवर टाकला. नाव घातलं नाही, कारण विचारलंच नव्हतं. ग्रुपवर रात्रभर वाद चालला की हे वारले की नाही, आणि एका मावशीने सकाळी भावपूर्ण श्रद्धांजलीही वाहून टाकली.

अमेरिकेतला पुतण्या सांगतो, त्यांच्याकडे बरं आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन 1984 मध्ये शिकागोत सुरू झालं आणि तिथपासून साधारण दर दोन वर्षांनी भरतं. 2024 चं सॅन होजेला झालं. नाटकातले, मालिकांतले लोक इथून तिकडे जातात आणि उतरतात प्रेक्षकांच्याच हॉटेलात. त्यामुळे आवडता नट लिफ्टमध्ये भेटतो, पायांत स्लीपर, हातात दंतमंजन. पुतण्याला त्याचं फार अप्रूप. मला विचाराल तर दंतमंजनासकट नट बघण्यासाठी एवढं विमानाचं तिकीट काढायची गरज नाही. त्यासाठी झाडीपट्टी आहे.

माझी थोरली बहीण वडसा-देसाईगंजकडे दिली आहे. दिवाळी झाली की तिकडे नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत चालतो. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. दहाला पडदा वर गेला की उजाडेपर्यंत खाली येत नाही. नाटक ज्या गावात, त्या गावात घरोघर पाहुणे, आणि पहाटेपर्यंत मांडवातच दोन-चार सोयरिकी जुळलेल्या. परशुराम खुण्यांना 2023 मध्ये या रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबईच्या वर्तमानपत्रांनी झाडीपट्टी कुठे आहे ते नकाशा काढून दाखवलं असेल. मुंबईच्या नटांना मात्र वाट आधीच ठाऊक होती. तिकडची मंडळी हंगामात येऊन इथे कामं करून जातात. अशा एका नाटकात एक शहरी पाहुणा कृतघ्न मुलाचं काम करत होता. तिसऱ्या अंकात त्याने म्हाताऱ्या आईला घराबाहेर काढलं, असं की सारा मांडव हळहळला. दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळाच्या पोरांनी त्याला बहिणीच्या घरी जेवायला आणलं. पाटावर बसला, भात-वरण आलं, लाखोरीच्या डाळीचे वडे तळून तयार होते. वाढायला बहिणीची सासू. तिने सगळ्या पानांवर वडे वाढले आणि नटाचं पान तेवढं सोडून पुढे गेली.

पोरं ओशाळली. एक जण म्हणाला, 'आजी, नाटक होतं जी थे.'

'नाटक होतं ते मालूम हाय मले. टिकीट काढूनच पायलं ना,' आजी म्हणाली. मग नटाकडे वळली. 'पन किती मन लावून काढलास रे बाबा तू तिले!'

नट ताटावरून उठला आणि त्याने आजीच्या पायांवर डोकं ठेवलं. इतकी वर्षं काम करतोय, असं कोणी म्हणालं नव्हतं, असं काहीतरी तो पुटपुटला. आजीने मग त्यालाही वडे वाढले. म्हणजे वडा वाढला. एकच.