दोर कापणाऱ्याचा रकाना

पोलादपूर तालुक्यातील उमरठ या गावाच्या पोटात कोळसा नाही, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे, अन्यथा लिलावाच्या पुढील यादीत हे नाव शोधणारे उत्साही वाचक निष्कारण दमतील. सह्याद्रीचा हा भाग सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. महाराष्ट्राचा कोळसा त्याहून कितीतरी जुन्या, गोंडवन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकांत, म्हणजे चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर या बाजूला आहे, आणि अडचण अशी की त्याच बाजूला वाघही आहेत. असे असूनही वनातील तात्पुरत्या रस्त्यांच्या पर्यावरणीय परीक्षणाविषयी काही शास्त्रशुद्ध लिहायचे, तर उमरठला वगळता येत नाही. त्याचे कारण यथावकाश येईल. शासकीय अहवालाच्या शिस्तीनुसार प्रथम पार्श्वभूमी.

कोळसा आहे की नाही, असल्यास किती खोल आणि किती जाडीचा, हे पाहण्यासाठी जमिनीत छिद्रे पाडून खडकाचा दंडगोलाकार नमुना वर काढणे, या क्रियेला पूर्वेक्षण म्हणतात. या छिद्राचा व्यास वीतभरही नसतो आणि परीक्षणाची सारी मदार त्याच्या या वीतभर नसण्यावर असते. वन खात्याच्या जुन्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सवलतीची मर्यादा दर दहा चौरस किलोमीटरमागे छिद्रे किती आणि त्यांचा व्यास किती इंच, अशा मापांत घातलेली आढळते. मात्र छिद्र पाडणारे यंत्र छिद्रातून येत नाही. ते ट्रकवर येते, त्याच्यामागे पाण्याचा टँकर येतो, मग लोखंडी नळ्या, डिझेलची पिंपे, नमुन्यांच्या पेट्या आणि मुकादमाची जीप येते, आणि या सर्वांच्या आधी झुडपे सारीत व ओहोळ मुरमाने बुजवीत जेसीबी आलेला असतो. शिवाय भारतात दीर्घकाळ प्रचलित असलेल्या वर्गीकरणानुसार छिद्रापासून 200 मीटरच्या त्रिज्येतील साठाच ‘सिद्ध’ समजला जात असल्याने एका छिद्रावर कोणाचे भागत नाही, छिद्रांची रांग लागते आणि रांगांचे जाळे होते. नकाशावर ठिपके दिसतात, रानात ते ठिपके जोडणाऱ्या रेषा उरतात, आणि तपासणी मात्र ठिपक्यांची होते.

कायद्याने हा प्रश्न आता अधिकच सोपा केला आहे. 1980 च्या वन संवर्धन कायद्यानुसार वनेतर वापरासाठी, म्हणजे वनजमिनीचा वनाखेरीज अन्य कामासाठी उपयोग करण्यासाठी, केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. 2023 मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली, ती त्याच वर्षी 1 डिसेंबरपासून अमलात आली, आणि तिच्यामुळे केंद्र ठरवील त्या अटींवर पाहणी, पूर्वेक्षण, अन्वेषण, इतकेच नव्हे तर कृत्रिम भूकंपलहरी सोडून केलेले सर्वेक्षणही वनेतर वापरातून वगळण्याची सोय झाली. अशी सोय ज्या रानाला लागू होईल तेथे डिझेलवर धडधडणारे यंत्र मोहाच्या झाडाइतकेच वनोपयोगी ठरेल. याच दुरुस्तीने कायद्याला एक उद्देशिका जोडली असून तीत 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याच्या राष्ट्रीय संकल्पाचा उल्लेख आहे. पहिल्या पानावर कर्ब शून्यावर आणण्याचा निर्धार करायचा आणि पुढच्या पानांवर तो जमिनीखाली कोठे दडला आहे हे शोधायला मोकळीक द्यायची, यात विसंगती पाहणाऱ्यांनी संकल्पासाठी 47 वर्षांची मुदत आहे आणि शोधासाठी तितकी नाही, हे लक्षात घ्यावे.

पर्यावरणीय आघात मूल्यांकन, म्हणजे प्रकल्पामुळे माती, पाणी, हवा, वन्यजीव आणि माणसे यांच्यावर काय परिणाम होईल याचा आगाऊ अभ्यास, आणि त्यासोबतची जनसुनावणी या गोष्टी 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेत प्रामुख्याने खाणीच्या वाट्याला आल्या आहेत, आणि त्यामागील तर्कशास्त्र अभेद्य आहे. पाहणी झाली तेव्हा खाण नव्हती, म्हणून खाणीचा विचार अप्रस्तुत होता. खाण आली तेव्हा पाहणी उरकलेली होती, म्हणून पाहणीच्या रस्त्यांचा विचार कालबाह्य ठरला. दोन्ही वेळा प्रश्न विचारणारा मनुष्य चुकीच्या दिवशी आलेला असतो.

हे कौशल्य केवळ भारतीय आहे असा अभिमान बाळगण्यास मात्र जागा नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात सार्वजनिक वनांचे काही भाग रस्ते न काढण्यासाठी राखून ठेवण्यात आले आणि 2012 मध्ये त्याच नियमावलीत सुमारे 19,000 एकरांपुरती एक पळवाट ठेवण्यात आली, की कोळशासाठी रस्ता काढता येईल, पण तो तात्पुरता असावा. प्रकरण न्यायालयात गेले तेव्हा 2014 मध्ये असे दिसून आले की, शासनाने कोळशापासून होणारा लाभ डॉलरमध्ये मोजला होता, परंतु त्यातून होणाऱ्या उत्सर्जनाची किंमत मोजणे अशक्य असल्याचे म्हटले होते. शिवाय हा कोळसा काढला नाही तरी लोक दुसरीकडचा जाळणारच, असाही युक्तिवाद होता, जो शेजाऱ्याच्या आंब्यावर दगड मारणारी पोरे पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत. न्यायाधीशांनी तो मान्य केला नाही. पळवाट रद्द झाली, 2016 मध्ये नव्या अभ्यासासह परत आली, मार्च 2020 मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ती पुन्हा रद्द ठरवली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये वेस्ट एल्क खाणीच्या कंपनीने त्या वनात बुलडोझर घालून रस्ता काढला. बैल गेला आणि झोपा केला ही म्हण तेथे ठाऊक नसावी. तेथे झोपा बांधून झाल्यावर बैल नेण्यात आला.

भारतात त्याच जून महिन्यात केंद्राने 41 कोळसा खाणपट्ट्यांचा लिलाव पुकारला, त्यात महाराष्ट्रातील चिमूर तालुक्यातील बंदर हा पट्टा होता. तो ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या वाघांच्या येण्याजाण्याच्या मार्गात येत असल्याने राज्याने विरोध केला आणि पट्टा यादीतून वगळला गेला. हा विजय खराच, परंतु तो शक्य झाला कारण लिलावाची यादी वर्तमानपत्रांत छापून येते. रानात पहिला ट्रक कोठून शिरला याची यादी छापण्याची प्रथा नाही.

इकडे महाड-पोलादपूरकडे व्यवस्था उलट्या क्रमाने लावलेली आहे. येथील अनेक गावे पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात असून त्या मसुद्यात खाणींना बंदी आहे. पण पहिला मसुदा 10 मार्च 2014 रोजी आला, सहावा 31 जुलै 2024 रोजी आला, आणि मधले मुदत संपून मागे पडत गेले. विदर्भात रस्ता तात्पुरता असतो, सह्याद्रीत संरक्षण. दरम्यान, दोन्हीकडे रस्त्यांची जीवनकथा सारखीच घडते. पहिल्या पावसानंतर कापलेल्या कडेला रानमोडी उगवते, दुसऱ्या वर्षी गुरे तीच वाट धरतात, तिसऱ्या वर्षी मोटारसायकल जाते, मग लाकडाचा टेम्पो, आणि पुढे कधीतरी एक नारळ फुटून लोकप्रतिनिधींच्या निधीतून झालेल्या डांबरीकरणाचा फलक उभा राहतो, ज्यावरील नावांची अक्षरे रस्त्यापेक्षा जाड असतात. 22 जुलै 2021 रोजी तळिये येथे दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गेली आणि त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही डोंगर खाली आला. त्या दिवसाचे मुख्य कारण अतोनात पाऊस हेच होते. पण येथील उताराला लावलेला धक्का किती काळ टिकतो, हे या खोऱ्यात कोणास प्रपत्रातून शिकवावे लागत नाही.

आता उमरठ. नरवीर तानाजी मालुसरे यांचे हे गाव, आणि 4 फेब्रुवारी 1670 च्या कोंढाण्याच्या लढाईनंतर त्यांचा देह मढे घाटाने येथे आणला गेला, अशी परंपरा आहे. लोककथा सांगते की कड्यावर दोर लावून मावळे चढले, सुभेदार तानाजी पडल्यावर मागे फिरू लागले, आणि त्यांचे बंधू सूर्याजी यांनी दोर कापून टाकले. इतिहासकारांनी या कथेला काय ते गुण द्यावेत. पर्यावरणीय परीक्षणाच्या दृष्टीने ती अनमोल आहे, कारण काम संपण्यापूर्वीच काढून टाकलेला तात्पुरता मार्ग महाराष्ट्राच्या स्मृतीत हा एवढाच आढळतो. वृक्षतोड शून्य, मुरूम शून्य, जागा पूर्ववत. तरीही आजच्या छाननीत हा प्रस्ताव पहिल्याच टेबलावर अडकला असता, कारण कथेत दोर चढवणारी यशवंती ही घोरपड आहे आणि घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येते. यंत्रावर आलेल्या अर्जदाराला अशी अडचण येत नाही.

तेव्हा पूर्वेक्षणाच्या अटी ठरवणाऱ्या मंडळींनी एकदा उमरठला अभ्यासदौरा काढावा. सूर्याजींची समाधी दाखवली जाते ते साखरही जवळच आहे, आणि प्रवासभत्ता नियमानुसार मिळेलच. परतताना त्यांनी आपले प्रपत्र पुन्हा चाळून पाहावे. त्यात अर्जदाराचे नाव, ठेकेदाराचे नाव, छिद्रांची संख्या, व्यास आणि शिक्का यांसाठी रकाने सापडतील. दोर कोण कापणार, यासाठी एक वाढवायला कागदावर जागा पुरेशी आहे.