गुडघा सरकारी, काळीज खासगी

अमेरिकेत सान दिएगो शहराच्या ला होया भागात माजी सैनिक खात्याचे मोठे रुग्णालय आहे. तिथून गाडीने दक्षिणेला निघाले की रस्ता मोकळा असेल तर अर्ध्या-पाऊण तासात सान इसिद्रोची सीमाचौकी येते, आणि फाटक ओलांडले की माणूस मेक्सिकोतल्या तिहुआनात पोचतो. एवढ्याशा प्रवासात माजी सैनिकाच्या देहात जो बदल होतो, त्याची दखल वैद्यकशास्त्राने अजून घेतलेली नाही, कायद्याने मात्र केव्हाच घेतली आहे. ला होयात तो अख्खा माणूस असतो. खात्याकडे नाव नोंदलेले असले की गुडघा, रक्तदाब, दमा, मूतखडा, सगळ्याची तपासणी होते. फार तर थोडे पैसे खिशातून भरावे लागतात, पण हा आजार लढाईतला की घरचा, हे विचारून कोणी दारातून परत पाठवत नाही. तिहुआनात पाऊल ठेवताच त्याची वाटणी होते. अमेरिकी कायद्याच्या ३८व्या शीर्षकातले कलम १७२४ सांगते की देशाबाहेर उपचार द्यायचे नाहीत, अपवाद मुख्यतः सैनिकी सेवेमुळे जडलेल्या व्याधीचा. म्हणजे व्हिएतनाममध्ये जायबंदी झालेला गुडघा तिहुआनातही सरकारचाच राहतो. त्याच्या दीड हात वर असलेले काळीज मात्र खासगी मालमत्ता ठरते, आणि ते बंद पडायला निघाले तर मालकाने आपले आपण बघावे.

या व्यवस्थेला 'फॉरीन मेडिकल प्रोग्रॅम' असे भारदस्त नाव आहे. कारभार कोलोराडोतल्या डेन्व्हरहून चालतो. नाव नोंदवणाऱ्याला एक पत्र मिळते आणि त्यात त्याच्या कोणकोणत्या व्याधींचा खर्च सरकार परदेशात उचलेल याची यादी असते. आपल्याकडच्या वाचकाला हा कागद ओळखीचा वाटेल, कारण तो देहाचा सातबारा आहे. डावा कान सरकारच्या नावे, उजवा खांदा सरकारच्या नावे, मूत्रपिंड वादात, यकृतावर कोणाचाच हक्क लागलेला नाही. विकलांगतेचे हिस्सेही टक्क्यांत मांडलेले असतात आणि त्यांची बेरीज शाळेतल्या बेरजेसारखी होत नाही. एका व्याधीला ५० टक्के आणि दुसरीला ३० टक्के मिळाले तर एकूण ८० होत नाहीत. आधी ५० टक्के माणूस वजा करायचा, उरलेल्या माणसाचे ३० टक्के काढायचे, ते झाले १५, म्हणजे एकूण ६५, आणि मग सरकार उदार होऊन त्याचे ७० करते. हे गणित पेन्शनच्या रकमेपुरते असते तर चालवून घेतले असते. पण घरी टक्का वाढला की सवलत वाढते, सीमेपलीकडे तसे होत नाही. १०० टक्के विकलांग ठरलेला माणूसही बँकॉकमध्ये यादीतल्या व्याधींपुरताच सरकारचा असतो. शंभर टक्क्यांच्या बाहेरही माणूस थोडा उरतो, हा शोध याच खात्याच्या नावावर जमा करायला हवा.

यावर खात्याचे समर्थक म्हणतील, सेवेमुळे झालेले आणि न झालेले यात फरक करायचाच नाही का? करा की. पण हा फरक निसर्गाने आखलेला नाही, तो राजपत्रात छापला जातो, आणि छपाईची तारीख पाहिली की त्याची भक्कमता कळते. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी विमानांनी व्हिएतनामवर सात कोटी लिटरहून अधिक तणनाशके फवारली. त्यातले कुप्रसिद्ध ते एजंट ऑरेंज. त्याखाली राबलेल्या सैनिकाला पुढे मधुमेह झाला तर २००१ पर्यंत तो त्याचा स्वतःचा होता, त्या वर्षी सरकारचा झाला. हृदयाच्या धमन्यांचा विकार २०१० मध्ये सरकारच्या नावे चढला. रक्तदाब मात्र ताटकळला. फवारणीशी त्याचा संबंध दाखवणारा पुरावा पुरेसा आहे असे राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१८ मध्ये सांगितले, फेरफार झाला तो १० ऑगस्ट २०२२ रोजी, 'पॅक्ट' कायद्यावर सही झाली तेव्हा. नौसैनिकांची कथा तर समुद्रातच अडकलेली. किनाऱ्यावर पाय न ठेवता जहाजावरच राहिलेल्यांना विषाची बाधा गृहीत धरायची की नाही, यावर वर्षानुवर्षे खल झाला आणि २०१९ मध्ये खास कायदा करून किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणी मान्य झाले. थोडक्यात, २०२२ च्या जुलैत दा नांगला फिरायला गेलेल्या माजी सैनिकाला रक्तदाबाने चक्कर आली असती तर ते त्याचे कर्म होते, आणि सप्टेंबरात आली असती तर तीच राष्ट्राची जबाबदारी ठरू शकली असती. रक्तवाहिन्या त्याच, देशही तोच, जिथे फवारणी झाली. आता दा नांगच्या तातडीच्या विभागातल्या डॉक्टरने, रुग्ण घामाघूम होऊन पडलेला असताना, वॉशिंग्टनच्या राजपत्राची कोणती आवृत्ती उघडावी?

वीस-वीस वर्षे नोकरी करून सेवानिवृत्त झालेल्यांची गोष्ट वेगळी, असे सांगितले जाते. ती खरोखरच वेगळी आहे. त्यांच्यासाठी १ ऑक्टोबर २००१ पासून 'ट्रायकेअर फॉर लाइफ' हा विमा आहे आणि ते परदेशातही चालते. अट एकच, वयाची पासष्टी आल्यावर ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचा, म्हणजे मेडिकेअरचा, 'भाग ब' घेतलेला असला पाहिजे. त्याचा हप्ता २०२५ साली महिन्याला १८५ डॉलर होता. आणि मेडिकेअर देशाबाहेर जवळपास काहीच देत नाही. म्हणजे थायलंडात स्थायिक झालेल्या निवृत्त हवालदाराने, थायलंडात न चालणाऱ्या विम्याचा हप्ता दरमहा भरत राहायचे, तरच थायलंडात चालणारा विमा त्याला मिळणार. 'जवळपास काहीच' असे म्हटले, कारण मेडिकेअरने मोजके अपवाद ठेवले आहेत आणि त्यातला एक सोन्याने मढवावा असा आहे. अलास्काहून दुसऱ्या अमेरिकी राज्यात जाताना, सर्वात थेट मार्गाने, विनाकारण न रेंगाळता कॅनडातून जात असाल, वाटेत प्रकृती अचानक बिघडली आणि कॅनडातले रुग्णालय अमेरिकेतल्या रुग्णालयापेक्षा जवळ असेल, तर खर्च मिळू शकतो. ज्येष्ठांनी आपला हृदयविकार शक्यतो त्या रस्त्यावर उरकून घ्यावा, आणि वाटेत देखावा बघायला गाडी थांबवू नये.

सर्वात ठसठशीत आक्षेप असा की हे लोक हौसेने जातात, मग हौसेचे मोल त्यांनीच द्यावे. ऐकायला रोखठोक वाटते. पण पहिल्यांदा त्यांना परदेशी कोणी पाठवले होते? इराक-अफगाणिस्तानात जखमी झालेल्यांना विमानाने जर्मनीत लांडस्टूलच्या लष्करी रुग्णालयात नेले जाई, तेव्हा जखम आतड्याची की खांद्याची यावरून कोणाला विमानाबाहेर ठेवले नाही. पंधरा वर्षांनी तोच माणूस, पुरी नोकरी न केलेला साधा माजी सैनिक, स्वतःच्या तिकिटावर त्याच गावात गेला आणि छातीत कळ आली, तर त्या रुग्णालयावर त्याचा हक्क नाही. हौसेचा मुद्दा आणखी एका ठिकाणी लटका पडतो. विकलांगतेचा मासिक भत्ता परदेशात राहणाऱ्यालाही मिळतो. पैशाला सीमा ओलांडताना कोणी हौस विचारत नाही. आणि तिहुआनात असेही माजी सैनिक आहेत जे हौसेने गेलेलेच नाहीत. ते अमेरिकेचे नागरिक नव्हते, कायम वास्तव्याच्या परवान्यावर सैन्यात लढले, पुढे कुठल्यातरी गुन्ह्यात शिक्षा झाली आणि शिक्षा भोगल्यावर त्यांना हद्दपार करण्यात आले. त्यांचा गुन्हा झाकायचे कारण नाही, त्याची शिक्षा झाली. पण ला होयाचे रुग्णालय इतके जवळ असून त्यांना तिथे पाऊल ठेवता येत नाही, आणि तिहुआनात यादीबाहेरचे काही मिळत नाही. मेल्यावर मात्र अडचण येत नाही. सन्मानाने सेवामुक्त झालेला असेल तर त्याला राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळू शकते, शवपेटीवर झेंडाही मिळतो. जिवंतपणी ज्याची वाटणी झाली, तो मेल्यावर एकसंध होतो.

मग खासगी प्रवासविमा घ्यावा, असा सल्ला येतो. न्यू जर्सीला मुलाकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या पुण्या-नाशिकच्या आईवडिलांना या सल्ल्याची पुढची पायरी तोंडपाठ आहे: 'आधीपासूनचे आजार' बहुधा वगळलेले, किंवा इतक्या अटींनी बांधलेले की दावा करण्यापेक्षा बरे होणे सोपे. माजी सैनिकाचे घोडे तर दोन्हीकडून अडते. सरकार म्हणते, हा आजार सेवेत झालेला नाही, तो तुमचा जुना आजार. विमा कंपनी म्हणते, जुना आजार आहे ना, मग आमचा नाही. सत्तरीच्या माणसाला नवा कोरा आजार आणायचा तरी कुठून? गोळ्यांचेही तसेच. खाते घरपोच औषधे पाठवते, पण देशाबाहेर नाही, म्हणून प्रवासाची मुदत मोजून पुडके आधीच घेऊन निघायचे. मुक्काम लांबला तर रक्तदाबाने समजून घ्यावे.

खर्चाच्या आक्षेपाकडे मात्र मी आदराने बघतो, कारण करदात्याचा पैसा कोणाच्या बापाचा नसतो. पण हिशेब पुरता मांडावा. तिहुआना किंवा बँकॉकमधली शस्त्रक्रिया अमेरिकेतल्यापेक्षा सहसा बरीच स्वस्त असते. तोच रुग्ण कसाबसा विमानात बसून घरी परतला, तर खाते तोच उपचार महागात आणि बहुधा आजार बळावल्यावर करते. बचत झालीच तर ती फक्त परत न आलेल्यांच्या खात्यावर होते, आणि हा आकडा अर्थसंकल्पात 'बचत' म्हणून दाखवायला फार मोठे धैर्य लागेल. लबाडीची भीतीही निराधार नाही. फिलिपिन्समधल्या एका कंपनीने ट्रायकेअरला खोटी बिले लावून कोट्यवधी डॉलर उकळले होते, पुढे अमेरिकी न्यायालयात गुन्हाही कबूल केला. पण मेडिकेअरला गंडवणाऱ्या टोळ्या फ्लोरिडात वारंवार पकडल्या जातात, म्हणून फ्लोरिडातल्या म्हाताऱ्यांचे हृदय कोणी यादीतून काढले नाही. तिथे तपासनीस नेमले.

तपासनीस परदेशात नेमता येत नाहीत असे म्हणाल, तर त्याच फिलिपिन्समध्ये जाऊन बघा. परदेशी भूमीवरचा या खात्याचा एकमेव दवाखाना मनिला महानगरात आहे. तो का आहे, याचे उत्तर औदार्यात शोधू नये. ४ जुलै १९४६ पर्यंत ती बेटे अमेरिकेच्या ताब्यात होती, दुसऱ्या महायुद्धात तिथले लाखो तरुण अमेरिकी हुकमतीखाली लढले, आणि युद्ध जिंकल्यावर १९४६ च्याच एका कायद्याने त्यांतल्या बहुतेकांचे हक्क काढून घेण्यात आले. २००९ मध्ये जिवंत राहिलेल्यांना एकरकमी भरपाई मंजूर झाली, अमेरिकी नागरिक असेल त्याला १५ हजार डॉलर, नसेल त्याला ९ हजार. तेव्हा मनिलाचा दवाखाना हा इतिहासाचा ओशाळलेपणा आहे. पण चालतो. पॅसिफिकमधल्या मायक्रोनेशिया, पलाऊ, मार्शल बेटांचेही तेच: तिथली मुले अमेरिकी सैन्यात मोठ्या प्रमाणात भरती होतात आणि घरी परतून आजारी पडली की विमानाने गुआम किंवा हवाई गाठायची. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकी काँग्रेसने त्यांच्या बेटांवरच उपचार देण्याची मुभा खात्याला दिली. ज्या बेटांवर चीनचा डोळा आहे तिथे कलम १७२४ इतके लवचीक होते, याचा आनंदच आहे. बँकॉकच्या म्हाताऱ्यांचे दुर्दैव एवढेच की त्यांच्यावर कोणाचा डोळा नाही.

जगभर दवाखाने काढा, असे कोणी म्हणत नाही. मागणी लहान आहे: जो माणूस घरी अख्खा धरला जातो, तो परदेशात तातडीच्या प्रसंगी तरी, प्रवास करण्याइतका सावरेपर्यंत, अख्खा धरावा. यासाठी नवी यंत्रणा शोधायची गरज नाही. देशातल्या देशात माजी सैनिकाला तातडीने दुसऱ्याच रुग्णालयात दाखल करावे लागले, तर ठरलेल्या अटींत खाते खर्च देते, आणि सुखरूप हलवता येईल तोपर्यंतच देते. त्यातली एक अट म्हणजे उपचार सुरू झाल्यापासून ७२ तासांत खात्याला कळवायचे. ते फोन करूनही कळवता येते, आणि फोन बँकॉकहूनही लागतो.