कबूतर येईपर्यंत वाजवा

आमच्या नात्यात एक जादूगार आहे, हे मी सहसा कोणाला सांगत नाही. सांगितलं की समोरचा खिशातून दहाची नोट काढतो आणि 'हिच्या दोन करून द्यायला सांगा' म्हणतो. जादूगार म्हणजे माझे शालक. आठवडाभर ते जळगावात ठिबक सिंचनाच्या नळ्यांच्या दुकानात हिशेब लिहितात आणि रविवारी, गणपतीत, शाळांच्या गॅदरिंगला काळा कोट चढवून रुमालाचं कबूतर करतात. जळगावच्या मे महिन्यात काळा कोट घालून उभं राहणं हाच खरं तर मोठा प्रयोग, पण त्याला टाळ्या पडत नाहीत.

कड्या, पेट्या, लोटा, कबूतर हे सामान त्यांनी स्वतः जमवलं. संगीत माझ्या गळ्यात पडलं, कारण मला 'कॉम्प्युटर येतो'. आमच्या नातेवाइकांच्या मते रेल्वेचं तिकीट काढणं, सातबारा डाउनलोड करणं, लग्नपत्रिकेतलं चुकलेलं नाव दुरुस्त करणं आणि गाणं कापणं हे सगळं एकच काम आहे. तर एका रात्री जेवणं झाल्यावर शालक पेन ड्राइव्ह घेऊन आले.

"दाजी, तीन मिनिटांचं कापून द्या. कबूतर निघालं की धाडकन आवाज आला पाहिजे."

"कबूतर कितव्या सेकंदाला निघतं?"

"ते कबुतराला विचारा."

या उत्तरावर माझ्या पुढच्या किती रात्री गेल्या, ते विचारू नका.

सिनेमाला पार्श्वसंगीत देणाऱ्याचं बरं असतं. पडद्यावरचा नायक रोज त्याच सेकंदाला दार उघडतो. नाचणाऱ्यांचंही बरं असतं, ते गाण्याच्या मागे धावतात. जादूगाराचं तसं नाही. तो 'या बेटा वरती' म्हणतो आणि बेटा आधी आईकडे बघतो, मग मित्रांकडे बघून हसतो, मग चप्पल काढायची की नाही यावर विचार करतो. नाव विचारलं की वडिलांचं नाव, आडनाव, गाव, तालुका आणि इयत्ता सांगतो. तोवर आपण मेहनतीने कापलेलं तीन मिनिटांचं गाणं संपलेलं असतं, आणि मंडपात शांतता पसरते. शांतता जादूगाराची वैरी. कानांना काम उरलं नाही की लोक डोळे वापरू लागतात. शिवाय पेटीच्या खिट्टीचा आवाज, स्प्रिंगची किरकिर, कोटाच्या आतली फडफड, हे सगळं गाण्याखाली झाकलेलं असतं. गाणं संपलं की ते उघडं पडतं.

रस्त्यावरच्या मदाऱ्याला ही अडचण कधीच आली नाही. त्याच्या एका हातात डमरू, दुसऱ्या हातात खेळ. जमुरा उशिरा उठला तर डमरू लांबतो, पोलीस दिसला तर डमरू आवरतो. शिवाय डमरू उचलायला म्हणून हात झोळीत जातो, आणि झोळीत गेलेला हात रिकामा बाहेर येतोच असं नाही. संगीतही तेच, हातचलाखीचा बहाणाही तोच, आणि चार्जिंगची कटकट नाही. आमचे शालक मदाऱ्याच्या पुढच्या पिढीचे असल्यामुळे त्यांना लॅपटॉप लागतो.

नाटकवाल्यांनाही हे ठाऊक होतं. जळगावात दरवर्षी बालगंधर्वांच्या नावाने संगीत महोत्सव होतो. त्या बालगंधर्वांच्या साथीला तबल्यावर थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष असत. 'वन्समोअर' आला, एखादी जागा पुन्हा घ्यावीशी वाटली, की गाणं हवं तिथे वळायचं, कारण साथीदार गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघून वाजवायचे. पेन ड्राइव्ह कोणाच्या तोंडाकडे बघत नाही.

म्हणून मी ऑडॅसिटी नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि गाण्याचे तीन तुकडे करायला शिकलो. पहिला, जादूगार येतो तेव्हाचा. दुसरा, कबूतर येईपर्यंत गोल गोल फिरत राहणारा. तिसरा, दणका. सगळी करामत दुसऱ्या तुकड्यात. केहरव्याच्या आठ मात्रा असतील तर आवर्तन पुरं होऊन समेवरच कापायचं. साडेसात मात्रांवर कापलं की दर फेरीला गाणं ठेचकाळतं आणि श्रोत्यांच्या माना चुकीच्या वेळी हलतात. लाटेची रेघ शून्याला टेकते नेमक्या त्याच ठिकाणी कात्री लावायची, नाहीतर 'टक्' असा आवाज येतो. एरवी त्या 'टक्'चं काही वाटलं नसतं. जादूच्या प्रयोगात मात्र पहिल्या रांगेतलं पोरगं ओरडतं, "पेटी उघडली, पेटी उघडली!" आणि फिरणारा तुकडा एमपीथ्रीत ठेवायचा नाही. त्या फाइलच्या सुरुवातीला बारीकशी रिकामी जागा राहून जाते आणि दर फेरीला उचकी लागते. वेव्ह फाइल जड असते, पण उचकत नाही.

कापणं जमलं. गाणं कोणतं घ्यायचं, यावर घरात फूट पडली. शालकांना सगळ्यांच्या ओळखीचं, ठेक्याचं गाणं हवं होतं. मी म्हणालो, हा खान्देश आहे. इथे बँडच्या ठेक्यावर पावरीची चाल लागली की नवरदेव घोड्यावरून उतरतो, तुमच्या पेटीचं काय घेऊन बसलात? त्यांनी ऐकलं नाही. धुळ्याकडच्या एका शाळेत त्यांनी तसलंच गाणं लावलं. चौथी ते सातवीची पोरं उठून नाचू लागली, मागून सहावीच्या बाई, मग शिपाई. त्या धुळीत शालकांनी कबूतर काढलं, कोणी पाहिलं नाही, म्हणून परत आत घातलं. कबुतराचा चेहरा मी पाहिला आहे.

मग त्यांनी 'नागीण'ची बीन काढली. १९५४ च्या त्या सिनेमातली बीन ही मुळात बीनच नव्हे. हेमंतकुमारांच्या हाताखाली कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर तो आवाज काढला. म्हणजे चाल स्वतःच हातचलाखीची, जादूला शोभणारी. फक्त आपल्याकडे ती वाजली की वरातीतला प्रत्येक माणूस रुमाल दातात धरून जमिनीवर लोळतो. स्टेजवर शालकांच्या हातात एक रुमाल, समोर दोनशे लोकांकडे दोनशे. कोणाच्या रुमालाकडे बघायचं?

जपानी लोकांनी हा प्रश्न कधीच सोडवून टाकला आहे. पॉल मोरिया या फ्रेंच माणसाच्या वाद्यवृंदाची 'एल बिम्बो' ही धून तिथे जादूशी इतकी चिकटली आहे की ती लागताच लोक कोटाच्या बाह्यांकडे बघायला लागतात. आपल्याकडे असं एकमत कुठल्याच बाबतीत होत नाही. माझा निकाल असा, की जादूचं गाणं अनोळखी असावं, शब्द नसलेलं असावं आणि घरी गेल्यावर कोणाला गुणगुणता येऊ नये.

शालकांना तो निकाल मान्य नव्हता. ते जाणकाराकडे गेले. शहरातल्या एका स्टुडिओतल्या पोराने त्यांना सिनेमातलं गाणं 'गायकाचा आवाज काढून' करून दिलं. युक्ती जुनी आहे. डाव्या-उजव्या बाजूला सारखाच असलेला आवाज बहुधा गायकाचा असतो. एक बाजू उलटी करून दुसरीत मिसळली की तो पुसला जातो. त्या पोराने उरलेलं संगीत डावीकडे सुलटं आणि उजवीकडे उलटं ठेवलं. हेडफोनवर भरदार वाजलं. सोसायटीच्या मंडपात मात्र कर्णे एकाच आवाजाचे. मिक्सरने दोन्ही बाजू एकत्र केल्या आणि अधिक-उणे होऊन शिल्लक शून्य. हिशेबनीस माणसाला हे दुःख जास्त कळतं. बटण दाबलं, दिवे नाचले, आवाज नाही. शालकांनी क्षणभर विचार केला, दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "पहिला प्रयोग! गाणं गायब!" त्या संध्याकाळची सगळ्यात मोठी टाळी त्यालाच पडली.

कायद्याचंही जाता जाता सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात लग्नाच्या वरातीला सूट आहे, तिथे रेकॉर्ड वाजवायला परवाना लागत नाही. तिकीट लावून कबूतर काढायचं असेल तर लागतो. शालकांनी यावर तोडगा सुचवला, की प्रत्येक प्रयोगात एक लग्न लावावं. त्यापेक्षा गावातल्या एखाद्या की-बोर्डवाल्याकडून आपली स्वतःची धून बांधून घेतलेली बरी, फक्त तिचे हक्क कोणाचे ते कागदावर लिहून घ्यावं.

वेळेच्या बाबतीत मी सरकारांचं उदाहरण देतो. आमचं नव्हे, जादूगार पी. सी. सरकार. ९ एप्रिल १९५६ ला लंडनमध्ये बीबीसीच्या 'पॅनोरमा'त त्यांनी एका मुलीला करवतीने कापलं, ती उठेना, आणि तेवढ्यात निवेदकाने वेळ संपली म्हणून शुभरात्री सांगून टाकलं. मुलगी मेली असं समजून लोकांनी बीबीसीला इतके फोन केले की लाइनी तुंबल्या. त्या एका 'कट'ने सरकार इंग्लंडभर गाजले. इतकं नेमकं कापणं मला लॅपटॉपवर रात्र रात्र बसून जमलेलं नाही.

शेवटी राहतो तो बटण दाबणारा. मंडपवाल्याचा साउंडवाला एकाच वेळी मिक्सर, हॅलोजन आणि स्वतःचा फोन सांभाळत असतो. "दोन नंबरचं लाव भो" म्हटलं की तो दोन नंबरचंच लावतो, पण स्वस्तातले प्लेअर नावाचा क्रम बघत नाहीत, ज्या क्रमाने फाइली भरल्या त्याच क्रमाने वाजवतात. त्यामुळे कबुतराच्या वेळी शेवटचं आभाराचं संगीत लागतं आणि अध्यक्ष उठून उभे राहतात. फोनवरून वाजवावं तर ऐन करवतीच्या वेळी कर्ण्यातून रिंगटोन वाजते आणि पाठोपाठ मामींचा आवाज, "पोहोचला का रे?"

हल्ली शालकांची मुलगी बटण दाबते. ती दहावीत आहे. तिला ऑडॅसिटी येत नाही, मात्रा मोजता येत नाहीत, पण बापाचा डावा कोपर किती वर गेला की कबूतर सुटतं, हे तिला ठाऊक आहे. बोट लॅपटॉपवर, नजर कोपरावर. दणका आणि कबूतर एकत्र येतात. बापाला शब्द आठवला नाही तर ती तुकडा आणखी दोनदा फिरवते. मानधन म्हणून प्रत्येक प्रयोगाला पाणीपुरी घेते, आणि माझ्या सगळ्या कापाकापीपेक्षा ती स्वस्त पडते.

तेव्हा यंदा तुमच्या सोसायटीच्या गणपतीत जादूगार बोलावणार असाल तर स्टेजच्या अगदी शेजारी, जिथून त्याचा कोपर दिसेल अशा जागी, एक टेबल, एक खुर्ची आणि चालू असलेला एक प्लग ठेवा. लांब वायर द्या. 'आमच्याकडे ब्लूटूथ स्पीकर आहे ना' असं कृपा करून म्हणू नका. ब्लूटूथमधून आवाज उशिराने पोहोचतो, आणि तोवर कबूतर पंख्यावर जाऊन बसलेलं असतं.