फॉइलमधले कार्ड

हौन्स्लो, लंडन

ती. बाबांस,


तुम्ही पाठवलेला व्हिडिओ पोचला. गर्दीत एक माणूस स्वाइप मशीन घेऊन लोकांच्या मागच्या खिशांना ते हळूच लावत चालला आहे आणि दर खिशामागे पैसे गोळा होताहेत. असली चित्रफीत अण्णाकाकांच्या ग्रुपवर उगवून मुरगावाहून इथवर यावी यात नवल काहीच नाही. नवल तुमच्या पुढच्या ओळीचे: ‘बँकेने नवे वाय-फायवाले कार्ड दिले आहे, ते चपातीच्या फॉइलमध्ये गुंडाळले आहे, आईचेही.’ उन्हाळ्यात तुम्ही दोघे इकडे येणार, तेव्हा या विषयाचा निकाल आधीच लावलेला बरा, म्हणून हे लांबलचक पत्र. माझे म्हणणे थोडक्यात असे की हे कार्ड चोरता येत नाही असे मुळीच नाही, चोरता येते. पण ती चोरी लहान राहते आणि तिचा भुर्दंड सहसा कार्डवाल्यावर पडत नाही. मोठी चोरी निराळीच असते, आणि तिला फॉइलचा काडीचाही अडथळा होत नाही.

आधी इथली रीत सांगते, म्हणजे उतरल्यावर दचकायला नको. लंडनच्या बसमध्ये ६ जुलै २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत. कंडक्टर नाही, ‘सुट्टे द्या’ नाही, तिकिटाचा चिटोराही नाही. दारातल्या पिवळ्या चकतीवर कार्ड टेकवायचे, टुंग वाजले की भाडे गेले. ड्रायव्हर मान वर करून बघत नाही. भुयारी रेल्वेत त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून बँकेचे कार्ड चालते. आत जाताना टेकवायचे, बाहेर पडतानाही टेकवायचे, आणि दिवसभराचे भाडे ठराविक आकड्यापुढे गेले की यंत्र आपणहून वाढ थांबवते. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही, तेव्हा ‘दोन द्या’ म्हणायची सोय नाही. आईला तिचे वेगळे कार्ड लागेल. स्टेशनात गिटार वाजवणाऱ्यापुढे टोपीच्या जोडीला कार्डाचे यंत्र दिसते, आणि इंग्लंडच्या चर्चमध्येसुद्धा दानपात्राच्या जागी टॅपचे यंत्र फिरवायला २०१८ पासून सुरुवात झाली. परक्या माणसाशी एक शब्दही न बोलता व्यवहार उरकावा ही या लोकांची जुनी इच्छा, ती या कार्डाने पुरी केली असे मला राहून राहून वाटते. २००७ साली हे कार्ड इथे आले तेव्हा पिनशिवाय १० पौंडच जात. मग १५, २०, ३०, करोनाच्या आरंभी ४५, आणि १५ ऑक्टोबर २०२१ पासून १००. २०२५ मध्ये तर ही मर्यादा बँकांच्या मर्जीवर सोडावी असा प्रस्ताव इथल्या नियामक संस्थेनेच मांडला. तुमची भीती निराधार नाही, हे मी आधीच मान्य करते; मर्यादा वाढते तशी चोराची कमाईही वाढते.

आता तो मशीनवाला चोर. कार्डातल्या चिपला स्वतःची वीज नसते. मशीनच्या चुंबकीय क्षेत्रातून तिला ती मिळते, आणि त्यासाठी मशीन चार बोटांच्या अंतरावर यावे लागते. खिशात पाकीट, पाकिटात दोन-तीन अशी कार्डे एकावर एक असतील तर मशीनचाच गोंधळ उडतो. इथल्या रेल्वेला याचा इतका त्रास झाला की ‘एकच कार्ड बाहेर काढून टेकवा’ असे फलक लावावे लागले. शिवाय चिप दर व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा तयार करते, तो एकदा वापरला की बाद. आणि मागे छापलेला तीन आकडी सीव्हीव्ही ती हवेतून सांगत नाही. पण खरा अडसर तंत्रज्ञानाचा नाहीच, तो कारकुनी आहे. स्वाइप मशीन बाजारात बांगड्यांसारखे टोपलीत मिळत नाही. ते कुणाच्या तरी नावावर, ओळखपत्रे आणि बँक खाते तपासून दिले जाते, आणि वळवलेले पैसे त्याच खात्यात जातात, तेही बहुधा लगेच नाही. म्हणजे या चोराने आधी बँकेत आपले नाव-पत्ता नोंदवायचा, मग शंभर अनोळखी खिशांतून पैसे ओढायचे, आणि त्या शंभरांच्या तक्रारी पोचेपर्यंत खात्यावर पैसे येण्याची वाट बघत बसायचे. चोरांमध्ये इतकी सोशिक माणसे नसतात.

अण्णाकाका म्हणतील, पोरगी बँकेची वकिली करते. तर विरुद्ध बाजूचा पुरावाही मीच देते. २०१५ साली ‘व्हिच?’ या इथल्या ग्राहक संस्थेने बाजारात मिळणारे स्वस्त वाचकयंत्र घेऊन कार्डांवरचा नंबर आणि मुदतीची तारीख वाचून दाखवली, आणि सीव्हीव्ही न विचारणाऱ्या दुकानातून त्यावर तीन हजार पौंडांचा टीव्ही मागवता येतो हेही दाखवले. २०२१ मध्ये बर्मिंगहॅम आणि सरे विद्यापीठांच्या संशोधकांनी कुलूपबंद आयफोनमधून, त्यात व्हिसा कार्ड रेल्वेच्या झटपट सोयीसाठी लावलेले असेल तर, हजार पौंड वळवून दाखवले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मात्र पहिल्यात चूक न विचारता माल देणाऱ्या दुकानाची होती, आणि दुसऱ्याला खास उपकरणे व मालकाचा फोन यंत्राजवळ असणे लागते. एवढा खटाटोप तुमच्या मागच्या खिशासाठी कोण करील? टॅपमुळे होणारी फसवणूक बहुतेक साध्यासुध्या मार्गाने होते: कार्ड हरवते किंवा चोरीला जाते, आणि ज्याच्या हाती लागते तो ते बंद होईपर्यंत टेकवत राहतो. म्हणून इथे ठराविक टॅप किंवा ठराविक रक्कम झाली की बँक पिन मागू शकते, आणि तुम्ही कळवण्याआधी जे गेले त्यातही, तुमचा मोठा हलगर्जीपणा नसेल तर, कायद्याने फार तर ३५ पौंडच तुमच्या माथी येतात.

तुमच्याकडे पोदेरासाठी, म्हणजे पाववाल्यासाठी, फाटकाला पिशवी अडकवतात, तीत पावाचे पैसे असतात. ते वाटेवरच्या कुणालाही काढून घेता येतील, हे सगळ्या वाड्याला ठाऊक आहे. तरी त्या पिशवीला कुणी कुलूप लावत नाही, कारण तीत पावापुरतेच पैसे असतात आणि कपाटाची किल्ली घरात असते. टॅपचे कार्ड ही ती पिशवी. पिन ही कपाटाची किल्ली. तुम्ही पिशवीला फॉइल गुंडाळता आणि किल्ली मात्र, माफ करा, पाकिटातल्या डायरीत ‘एटीएम’ असे शीर्षक देऊन लिहून ठेवता.

आपल्याकडे तर पिशवी केवढी हेही तुम्हालाच ठरवता येते. पिनशिवायच्या टॅपची मर्यादा रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून दोन हजारांवरून पाच हजार केली, पण तिच्या आत आपल्याला हवा तो आकडा बँकेच्या अ‍ॅपमधून ठेवता येतो. आणि ऐका, त्याआधीच, १ ऑक्टोबर २०२० पासून, असा नियम आहे की नवे कार्ड देताना ते एटीएम आणि दुकानातल्या चिपच्या व्यवहारांपुरतेच चालू असावे. टॅप, ऑनलाइन खरेदी आणि परदेशातला वापर ग्राहकाने स्वतः मागून सुरू करायचा. तेव्हा तुम्ही ज्या कार्डाला एवढ्या निगुतीने फॉइल गुंडाळले आहे, त्याचा टॅप बहुधा अजून सुरूच झालेला नाही. बंद दुकानाला तुम्ही पहारा देता आहात! उलट टॅपचा एक फायदा तुमच्या लक्षातच येत नाही: कार्ड हातातून सुटत नाही. हॉटेलात वेटर बिलाबरोबर कार्ड आत घेऊन जातो आणि पाच मिनिटांनी आणतो, तेव्हा त्याला पुढचा नंबर आणि मागचा सीव्हीव्ही दोन्ही दिसतात. त्याची काळजी कोणत्याच व्हिडिओत नसते.

आता मोठ्या चोरीकडे येते. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदीच्या धामधुमीत मनोहर पर्रीकरांनी गोवा देशातले पहिले कॅशलेस राज्य करायची घोषणा केली, ३१ डिसेंबरचा मुहूर्तही निघाला, मोबाइलवर तारांकित ९९ दाबून मासळी घ्यायची अशी योजना होती. मुहूर्त टळला. पण तेव्हा जे सरकारी घोषणेने साधले नाही ते पुढे यूपीआयच्या चौकोनाने साधले, आणि वास्कोच्या बाजारात इसवणाच्या टोपलीशेजारी ‘रुपये प्राप्त झाले’ म्हणून ओरडणारा डबा आला. म्हणजे आपल्याकडे लोक कार्ड टेकवतात कमी, फोनवरून स्वतःच्या हाताने पैसे पाठवतात जास्त. सोय उत्तम, इथल्यापेक्षा कितीतरी स्वस्त आणि चटपटीत. फक्त बहुतेक व्यवहारांत पिन, म्हणजे कपाटाची किल्ली, बाहेर निघते. चोराला आता खिशाजवळ यायची गरजच नाही. तो फोन करतो, बँकेतून बोलतोय म्हणतो, ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ म्हणतो, आणि आपण टाकतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे एक वाक्य अण्णाकाकांच्या ग्रुपवर व्हिडिओइतके फिरले तर किती बरे होईल. त्याच्याही पुढचा प्रकार ‘डिजिटल अटक’. कायद्यात अशी अटक नाही, हे २७ ऑक्टोबर २०२४ ला खुद्द पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये सांगितले, तरी शिकलेसवरलेले लोक खोट्या पोलिसाच्या व्हिडिओ कॉलपुढे घाबरून बसतात आणि जन्माची पुंजी आपल्या हाताने पाठवतात.

इथेही चित्र तेच आहे. ब्रिटनमध्ये २०२३ साली टॅपच्या कार्डांवरून झालेली फसवणूक चार कोटी पौंडांच्या आसपास होती. लोकांना बनवून त्यांच्याच हाताने पैसे पाठवायला लावण्याची फसवणूक जवळजवळ ४६ कोटी पौंडांची होती. अकरापट. आपल्याकडे नुकसान कुणाच्या माथी हे बघितले तर फरक आणखी रुंदावतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ना तुमची ना बँकेची, कुणा तिसऱ्याची असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलेत, तर तुमच्यावर एक पैसाही पडत नाही. चार ते सात दिवस लागले तर नेहमीच्या बचत खात्याला फार तर १०,००० रुपये. पण पिन किंवा ओटीपी तुम्हीच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे सगळे नुकसान तुमचे. म्हणजे ज्या चोरीची तुम्हाला धास्ती, तिची सोय नियमात आहे, आणि जिची धास्ती नाही, ती तुमच्याच खिशातून भरायची आहे.

‘मग रोख काय वाईट?’ हा तुमचा प्रश्न मला इथूनही ऐकू येतो, आणि त्यात मी अर्धी तुमच्या बाजूने आहे. तुमच्याकडच्या सप्ताहाच्या जत्रेत खिसा कापला गेला तर त्या नोटेचा तपास कुठलीच बँक करत नाही, हे खरे. पण २८ एप्रिल २०२५ ला पोर्तुगाल आणि स्पेनची वीज गेली तेव्हा कार्डवाले दुकानाच्या दारात पाव बघत उभे राहिले आणि नोटावाले पाव घेऊन गेले, हेही तितकेच खरे. इथे २०२३ साली व्यवहारांतले साधारण बारा टक्केच रोखीत झाले, आणि त्या बारा टक्क्यांत म्हातारी माणसे, गरीब माणसे जास्त. त्यांना दारातून परत पाठवणारी दुकाने मला आवडत नाहीत. आणि टुंग या आवाजाला वजन नसते. शंभराची नोट मोडताना जीव जरा थांबतो, टॅपला तो थांबत नाही. कॉफी, बिस्किटे, परत कॉफी, महिनाअखेरीस खात्यात खडखडाट. माझ्या मते या कार्डाने माणसाचे सर्वात जास्त पैसे चोर नेत नाही, मालकच नेतो. त्याविरुद्ध कुठल्याही परिपत्रकात तरतूद नाही.

तेव्हा निघण्याआधी एवढे करा. बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशातला वापर आणि टॅप दोन्ही प्रवासापुरते चालू करा, टॅपची मर्यादा लहान ठेवा, परतल्यावर दोन्ही बंद करा. परकीय चलनाचा आकार किती लागतो ते आधी विचारून घ्या. बऱ्याच बँका दर टॅपला तो लावतात, आणि बसच्या भाड्यावरही तो लागतो. एसएमएस येणारा नंबर इथेही चालू राहील असे बघा. थोडे पौंड रोख आणा. डायरीतले ‘एटीएम’चे पान फाडून टाका. तिकडे काही झालेच तर आधी बँकेला आणि लगेच १९३० या सरकारी हेल्पलाइनला फोन करायचा, मुलांना विचारत बसायचे नाही. मी झोपलेली असेन आणि तीन दिवसांचे घड्याळ चालू असेल. अण्णाकाकांनाही हा नंबर द्या आणि ग्रुपवर टाकायला सांगा.

सौ. आईस नमस्कार. अण्णाकाका-काकूंना सा. न.

तुमची,
बाय