उडालेले फोटो

कॅमेऱ्यातले फोटो उडाले की घरात सगळ्यात आधी नेमकं तेच केलं जातं जे करायचं नसतं. कुणीतरी जाणता माणूस पुढे येतो, ‘आण इकडं, कॅमेरा तरी धड हाये का बघू,’ म्हणतो आणि त्याच कार्डावर चार फोटो काढून पाहतो.

सेलूच्या आमच्या घरातल्या लग्नात हेच झालं. कार्ड भरल्याची सूचना आली, भाच्यानं मोठ्या तत्परतेनं ‘फॉरमॅट’ दाबलं. ‘कामून दाबलं?’ या प्रश्नाला त्याच्याकडं सरळ उत्तर होतं: कॅमेऱ्यानंच विचारलं होतं, तो हो म्हणाला. मग तात्यांनी कॅमेरा हातात घेऊन सीलिंग फॅनचे आणि मांडवातल्या पाण्याच्या जारचे फोटो काढले. कॅमेरा उत्तम चालतो असा निर्वाळा दिला आणि ते देवगिरी एक्स्प्रेसनं निघालेल्या पाहुण्यांना पोचवायला स्टेशनवर गेले.

खरं तर फोटो कुठं गेलेले नसतात. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून शेत काही उठून चालायला लागत नाही, तसंच हे. एखादा फोटो डिलीट केला की कॅमेरा कार्डावरच्या नोंदवहीत त्या फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर खोडून एक खूण ठेवतो आणि जागा मोकळी असल्याचं लिहितो. साध्या फॉरमॅटमध्ये नोंदवहीच कोरी होते. फोटो मात्र तसाच पडून असतो, दुसऱ्या कुणी तिथं पेरणी करेपर्यंत. आमच्याकडं पेरणी तात्यांनी केली.

मग एका जाणकार पोरानं कार्ड लॅपटॉपला लावून फोटोरेक चालवलं. ख्रिस्तोफ ग्रेनिए नावाच्या गृहस्थानं लिहिलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते नोंदवहीकडं बघतच नाही. जेपीजी फोटोच्या सुरुवातीला ठरलेले आकडे असतात, ते शोधत कार्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं. त्यामुळं फोटो परत येतात, पण मूळ नावं येत नाहीत. नवरी, नवरदेव, विहीणबाई, सगळे ‘एफ’ आणि पुढं लांबलचक आकडा. एवढी समानता आमच्या घरानं आजवर पाहिली नव्हती.

फॉरमॅटनंतर कॅमेरा बहुधा कार्डाच्या सुरुवातीपासून लिहायला लागतो, म्हणून गेले ते सगळ्यात आधीचे, हळदीचे फोटो. त्यांच्या जागी फॅन. एका फोटोत वर हळद लावणाऱ्या काकू आणि खाली नुसता करडा पट्टा. बाकी लग्न शाबूत निघालं, किंबहुना जरा जास्तच. कारण मुद्दाम डिलीट केलेले फोटोही परत आले: मामांचे मिटलेले डोळे, जिलबी तोंडात असतानाच्या मामी, आणि बांधाच्या भांडणावरून ज्यांचं बोलणं बंद आहे असे दोघे भाऊ एकाच पंगतीत, शेजारी शेजारी. हा फोटो आधी कुणी उडवला होता ते विचारायचं नाही, असं सर्वानुमते ठरलं.

अल्बममध्ये तो मी लावायला लावला. चांगला आलाय.

मोबाईलमध्ये हा खेळ फारसा चालत नाही. तिथं मोकळी झालेली जागा फोन स्वतःच झाडून पुसून घेतो. गुगल फोटोजवर बॅकअप असेल तर डिलीट केलेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो, मग संपलं. त्या मानानं कपाटातला जुना कॅमेरा मोठ्या मनाचा.

तेव्हा लग्नसराईत कुणी फोटो उडवले तर आधी कॅमेरा बंद करा, कार्ड काढून खिशात ठेवा आणि तात्यांच्या हाती लागू देऊ नका. परत मिळालेले फोटो त्याच कार्डावर साठवू नका, दुसरीकडं ठेवा. पोराला रागवायचं असेल तर ते नंतरही करता येतं.