गार्डसाहेब

लोणावळा लोकलच्या शेवटच्या डब्यात झेंडा घेऊन बसणाऱ्या गार्डला रेल्वेने २०२२ साली ‘ट्रेन मॅनेजर’ करून टाकलं. तेव्हापासून मावळात गार्डची जागा रिकामी होती. ती आमच्या गार्डसाहेबांनी भरून काढली.

हे तळेगावात राहतात, हिंजवडीला कामाला जातात आणि रविवारी डर्ट बाइक काढतात. तसे गार्डसाहेब एकटे नव्हेत. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, त्यामुळे ही सगळी जमात जुन्या हायवेनेच येते. पावसाळ्यात रविवारी सकाळी वडगावच्या फाट्यावर चहा घेत उभे राहा. कामशेतकडे जाणारे असे बरेच साहेब बटण टायरांचा घूंऽऽ आवाज करत पुढून जातील. मी मात्र आमच्याच सोसायटीतल्या साहेबांबद्दल बोलणार. कारण ते घरी नसले की त्यांची पार्सलं आमच्याकडे ठेवली जातात, आणि त्यांचं वजन माझ्या कमरेला ठाऊक आहे.

गाडी हीरोची एक्सपल्स. होंडाशी काडीमोड झाल्यावर हीरोने २०११मध्ये इम्पल्स नावाची अशीच उंच गाडी काढून पाहिली होती, पण तेव्हा लोकांना ती कळलीच नाही. २०१६ला रॉयल एन्फिल्डची हिमालयन आली, २०१९ला ही आली, आणि मध्यमवर्गाला दगडधोंड्यांतून जाणं परवडू लागलं. पुढचं चाक एकवीस इंची, इंजिनाखाली २२० मिलिमीटर मोकळी जागा, आणि दगड लागू नये म्हणून खाली बॅशप्लेट कंपनीनेच दिलेली. ती कंपनीने दिलेली होती, हाच तिचा दोष. फुकट आलेल्या गोष्टीने संरक्षण होतं हे साहेबांना पटत नाही. त्यांनी चार मिलिमीटर जाडीची, इंजिनाच्या बाजूंवरही चढणारी नवी प्लेट मागवली.

ते पार्सल उघडलं तेव्हा मी तिथेच होतो. साहेबांच्या आईंनी ती प्लेट हातात घेतली, उजेडाकडे धरली, भोकं पाहिली.

“मोदकपात्र आहे का रे? वाफ येईल चांगली, पण भोकं फार मोठी आहेत.”

“आई, ती चिखलपाणी खाली पडायला आहेत.”

“आणि हे एवढं मोठं?”

“तिथून ऑइलचा नट उघडायचा.”

पुढे कळलं की ते भोक नटाच्या बरोबर खाली येतच नाही, बोटभर बाजूला येतं. त्यामुळे दर वेळी ऑइल बदलताना आख्खी प्लेट उतरवावी लागते. तरीही साहेबांनी ती परत केली नाही. प्लेट उतरवायला सोपं जावं म्हणून टी-पान्याचा नवा सेट घेतला.

त्यांचा वडगावचा मेकॅनिक जुना माणूस. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, “साहेब, राजमाचीला जायचंय ना? मग आधी हँडगार्ड. तिथं गाडी जोरात पडत नाही, उभ्याउभ्या पडते. दगडावर चाक सरकतं, पाय टेकायला जावं तर खाली खड्डा. पहिला जातो क्लचचा लिव्हर.”

हँडगार्डही दोन जातींचे. एक नुसत्या प्लास्टिकचा, एका नटावर लटकलेला. तो वारा-पाऊस अडवतो, करवंदीच्या जाळीने बोटं सोलून निघायची ती वाचवतो, आणि गाडी पडली की आपणच आधी मोडतो. दुसऱ्याच्या आत अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असते. ती हँडलच्या टोकाला आणि आतल्या बाजूला अशी दोन ठिकाणी आवळतात. गाडी आडवी झाली की मार ती खाते.

“आणि लिव्हरचा क्लॅम्प जरा सैल ठेवा,” मेकॅनिक म्हणाला, “हाताने जोर लावला तर फिरेल इतपत. पडल्यावर लिव्हर वळतो, तुटत नाही. याला पैसे लागत नाहीत.”

शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं. साहेबांनी पट्टीवाले हँडगार्ड घेतले, वर दोन जादा लिव्हर घेतले, आणि क्लॅम्प होता तसा करकचून आवळून टाकला.

मग लेगगार्ड आले. हेडलाइटला जाळी, मागच्या डिस्कला गार्ड, चेन सटकू नये म्हणून चेनगाइड, सायलेन्सरला पत्रा, चेसिसला पाय घासतो तिथे प्लास्टिकचं कवच. डबे लावायला मागे कॅरियर आलं. डबे अजून आलेले नाहीत. या गाडीला रेडिएटर नसल्यामुळे रेडिएटर गार्ड तेवढा राहून गेला, याची साहेबांना मनापासून खंत आहे. २०२३ला आलेली नवी हिमालयन पाण्याने थंड होते. ती घ्यावी की काय, असं ते अधूनमधून म्हणतात. माझा अंदाज असा की, गाडी नाही, जाळी घ्यायची आहे.

आता गंमत बघा. मूळ गाडी साधारण दीडशे किलोची. तिच्या अंगावर लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम चढत गेलं तसे शॉकप खाली बसत गेले. शॉकप बसले तशी इंजिनाखालची मोकळी जागा कमी झाली. जागा कमी झाली तसे पूर्वी न लागणारे दगड लागू लागले. एकदा राजमाचीच्या वाटेवर तुंगार्ली सोडून थोडं पुढे गेल्यावर पहिला ‘ठण्ण’ आवाज झाला, तेव्हा साहेब थांबले, वाकून पाहिलं आणि विजयी मुद्रेने वळून म्हणाले, “बघितलंत? प्लेट नसती तर?”

प्लेट नसती तर गाडी बोटभर उंच असती आणि दगड खालून निघून गेला असता, हे सांगायचं धैर्य मला झालं नाही. त्यांनी त्याच रात्री कडक स्प्रिंगा शोधायला घेतल्या.

डाकार रॅलीच्या गोष्टी त्यांना तोंडपाठ. २०१५ साली सी. एस. संतोषने ही शर्यत पूर्ण केली, असं करणारा तो पहिला भारतीय, हे ते लिफ्टमध्ये भेटणाऱ्या नवख्या माणसालाही सांगतात. शर्यतीच्या गाडीतून शक्य तेवढं वजन काढत जातात, हा भाग त्या गोष्टीत येत नाही. मावळातल्या जूनमध्ये चांगले टायर, हवा थोडी कमी, आणि भातखाचराच्या कडेचा चिकट चिखल अडकून चाक जाम होणार नाही असा उंच मडगार्ड, एवढ्यावर निम्मं काम भागतं असं मला वाटतं. पण टायर झिजतात. साहेबांना झिजणारी वस्तू घ्यायला जिवावर येतं. लेगगार्ड कसा, नातवापर्यंत राहील. म्हणून तर त्यांनी त्यावर ओरखडा पडू नये यासाठी पारदर्शक फिल्म चिकटवून घेतली.

बूट अजून घेतलेले नाहीत. मेकॅनिकने एकदा हळूच सुचवलं, “साहेब, लिव्हर बाजारात मिळतो, घोटा नाही मिळत.” साहेबांनी पुढच्या महिन्यावर ढकललं. ते जुन्या जिमच्या बुटांवर जातात.

एवढ्या सगळ्यात एकच गार्ड मात्र त्यांनी काढून ठेवला, साडी गार्ड. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं चाक निदान निम्मं झाकलेलं हवं, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३वा नियम सांगतो. म्हणजे हा गार्ड आमच्याकडे कायद्यानेच सक्तीचा. साहेब म्हणाले, “लूक जातो, आणि विनाकारण वजन.” वहिनींनी काही वाद घातला नाही. त्या आता लोणावळ्याला लोकलने जातात, कुमार चौकात गरम वडापाव खातात, चिक्की घेतात आणि साहेबांच्या आधी घरी पोचतात.

साहेब शेवटी राजमाचीला पोचले ते भर ऑगस्टात, मला मागे बसवून. लोणावळ्यापासून अंतर जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर, पण मी त्यातला बराच भाग चालत आलो, कारण मी उतरलो की इंजिनाखालची जागा वाढायची. ओढ्यात एकदा, चढावर दोनदा गाडी आडवी झाली. क्लॅम्प आवळलेलाच होता. हँडगार्डच्या पट्टीने लिव्हर वाचवला, साहेबांचा घोटा मात्र सुजला. राजमाचीवरच्या उढेवाडीत एका घरी पिठलं-भाकरी सांगितली आणि ओसरीवर टेकलो. समोर श्रीवर्धन किल्ला धुक्यात गेला होता, पण साहेब गुडघ्यावर बसून फिल्मवरचा ओरखडा बघत होते.

घरातल्या मावशी भाकरी घेऊन बाहेर आल्या. गाडीकडे बघून त्यांना खरोखर कळवळा आला.

“लय नुकसान होतं ना गाडीचं? रस्ताच तसा हाय. पेशंट न्यायचा म्हटलं तरी हाल. आम्ही डांबरासाठी अर्जावर अर्ज दिलेत.”

साहेब दचकून उभे राहिले. “डांबर? अहो नको, मावशी! हा रस्ता असाच राहिला पाहिजे. मजाच जाईल सगळी.”

मावशींनी पिठल्याचं भांडं खाली ठेवलं, गाडीच्या पुढून मागून एकदा नजर फिरवली आणि विचारलं, “मग एवढी जाळीबिळी कशापायी लावलीय?”